पाणी उतरलेही पाहिजे



२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचा पूर ओसरला, तेव्हा काठच्या शिवारात एकाच बांधावर दोन दृश्ये दिसत होती. बांधाच्या एका अंगाला उभा ऊस कुजत होता. ज्याचा शेंडा पाण्याखाली राहिला, ज्याच्या सुरळीत गाळ बसला, तो ऊस गेला, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. दुसऱ्या अंगाला ओढ्यातला लव्हाळा आणि पाणकणीस चिखल झटकून पुन्हा उभे राहिले होते. पाणी तेच, दिवसही तेवढेच. मग एक मेला आणि दुसरा तगला, असे का व्हावे? तुकोबांनी लव्हाळ्याची नम्रता आपणां सर्वांस शिकविली आहे, आणि वाहत्या पाण्यापुरते ते कारण अगदी खरे आहे. पण पूर म्हणजे केवळ पाण्याची ओढ नव्हे. ओढ संपल्यावर जे पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवस शेतात उभे राहते, त्याच्यापुढे वाकून भागत नाही. तेथे प्रश्न श्वासाचा असतो.

आम्ही यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत आयुष्य काढलेले. वनस्पतिशास्त्र वर्गात बसून शिकण्याचा योग आमच्या वाट्याला आला नाही. जे काही आहे ते वाचनालयाच्या बाकावर बसून मिळविलेले. आमचे पुष्कळ सभासद नदीकाठच्या वस्त्यांत राहतात. दर पुरानंतर ते आम्हांस विचारीत, की धरणाचे दार कोण उघडतो, केव्हा उघडतो आणि किती उघडतो? त्या प्रश्नाचा पाठपुरावा करता करता आम्ही पाणथळीच्या गवतापर्यंत येऊन पोचलो. कारण दाराचा हिशेब माणसाला जसा भोगावा लागतो, तसाच तो गवतालाही भोगावा लागतो. आणि गवतावर जगणारी माणसे असतील तर त्यांना दुहेरी.

आधी श्वासाचे पाहू. झाडाची मुळेही श्वास घेतात. कोरड्या मातीच्या कणांमध्ये हवा खेळत असते, तीवर मुळांचे भागते. माती पाण्याने भरली की ही हवा जाते. पाण्यात प्राणवायू विरघळतो हे खरे; पण हवेत तो ज्या वेगाने पसरतो त्याच्या दहा हजारांश वेगानेही पाण्यात पसरत नाही. जो काही शिल्लक असतो तो मातीतले सूक्ष्म जंतू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. त्यानंतर ते जंतू नत्राच्या क्षारांवर, मग मातीतल्या मँगनीज-लोखंडाच्या गंजावर आणि शेवटी गंधकाच्या क्षारांवर आपला गुजारा करू लागतात. जुन्या डबक्याच्या तळाशी काठी खुपसली की सडक्या अंड्याचा जो वास येतो, तो या शेवटच्या पायरीचा. गंज विरघळून पाण्यात उतरलेले लोखंडही मुळांना विषासारखेच. म्हणजे बुडालेले पीक नुसते गुदमरत नाही. त्याच्या पायाखालची माती हळूहळू विषारी होत जाते.

पाणवनस्पतींनी यावर काय तोड काढली, ती भाजीबाजारातही पाहावयास मिळते. कमळकाकडी आडवी कापली की तिच्यात जी गोल गोल भोके दिसतात, ती शोभेची नव्हेत. त्या हवेच्या नळ्या आहेत. पानातून घेतलेली हवा त्या नळ्यांतून चिखलात रुतलेल्या कंदापर्यंत जाते. पाणकणसाच्या पानात आणि भाताच्या मुळातही अशीच पोकळ जाळी असते. या नळ्यांतून आलेला थोडा प्राणवायू मुळांतून बाहेर झिरपतो आणि भोवतीच्या विषारी लोखंडाचा पुन्हा गंज करून त्याला जागच्या जागी बसवितो. चिखलातले भाताचे रोप उपटून धुऊन पाहावे. मुळांवर तांबूस लेप दिसतो तो हाच. तळ्यात माजलेले पाणकणीस काढणाऱ्या जाणत्या माणसाला ही गोष्ट शास्त्र न वाचता कळलेली असते. पाण्याच्या वर कापले तर ते पुन्हा फुटते. पाण्याखाली कापले आणि तोंडे बुडालेलीच राहिली, तर नळीत पाणी शिरून कंद गुदमरतो.

हवेची नळी असली तरी तिचे तोंड पाण्याबाहेर पाहिजे. पाणी डोक्यावरून गेले तर काय? येथे भाताच्याच दोन जातींनी दोन वेगळ्या वाटा धरल्या आहेत. बंगाल-आसामच्या खोल पाण्यात पेरतात तो तरंगता भात पाण्याबरोबर वाढत जातो, दिवसाला वीस-पंचवीस सेंटिमीटरपर्यंत, आणि कांडी कित्येक मीटर लांब होते. बुडलेल्या रोपात एथिलीन नावाचा वायू कोंडतो, तोच वाढीचा इशारा होतो. या इशाऱ्यावर काम करणारी जनुके जपानी संशोधकांनी २००९ साली शोधून काढली. दुसरी वाट ओडिशातल्या शेतकऱ्यांच्या एका जुन्या वाणाची. तो बुडाला की वाढणेच थांबवितो, आपला साठा राखतो आणि पाणी उतरण्याची वाट पाहतो. सुमारे दोन आठवडे दम धरू शकतो. त्यातले जनुक २००६ साली ओळखले गेले आणि नेहमीच्या स्वर्णा भातात आणून तयार केलेला वाण २००९ साली आपल्या देशात शेतकऱ्यांना मिळाला. टाळेबंदीत सापडलेल्या कामगारांचेही असे दोन मार्ग आम्ही पाहिले आहेत: कोणी लगेच दुसऱ्या गावी काम शोधावयास निघतो, कोणी खर्च आखडून टाळे उघडण्याची वाट पाहतो. पण ध्यानात घ्या, की पहिली वाट पाणी संथ चढले तरच उपयोगी, आणि दुसरी पाणी लवकर उतरले तरच. रात्रीत दोन पुरुष पाणी चढले तर तरंगत्या भातालाही गाठता येत नाही, आणि महिनाभर ते उतरलेच नाही तर दम धरणाराही मरतो. म्हणून पाणथळीतल्या झाडाला केवळ ‘पाणी किती’ एवढे विचारून चालत नाही. किती खोल, किती दिवस, कोणत्या महिन्यात आणि किती झपाट्याने, हे सारे विचारावे लागते.

आतापर्यंत आपण चढलेल्या पाण्याचे बोललो. खरी गंमत उतरत्या पाण्यात आहे, आणि नेमकी तीच आपल्या लक्षात येत नाही. भरलेले तळे पाहून आपल्याला बरे वाटते. आटलेले पाहून वाटते की काही बिघडले. वनस्पतींचा हिशेब निराळा आहे.

चार्ल्स डार्विनने एका लहान डबक्याच्या कडेचा चिखल तीन ठिकाणांहून तीन मोठे चमचे घेतला. सगळा मिळून चहाच्या कपात मावेल एवढा. तो त्याने अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला आणि जे रोप उगवेल ते उपटून मोजीत गेला. ५३७ रोपे निघाली. १८५९ च्या त्याच्या प्रसिद्ध ग्रंथात ही नोंद आहे. हे बी कोठून आले? मागच्या किती तरी वर्षांचे ते चिखलात साठलेले होते. पाण्याखाली अंधार, प्राणवायू नाही, ऊन-गारव्याचा फरक नाही. तेव्हा ते निजून राहते. पाणी उतरून चिखल उघडा पडला, दिवसा तापू आणि रात्री निवू लागला, की ते जागे होते. अमेरिकेतील आयोवा प्रांताच्या दलदलीत व्हॅन डर वाल्क आणि डेव्हिस या दोघांनी १९७८ साली असाच चिखलातल्या बियांचा हिशेब मांडला. त्यात दिसले, की पाणकणसासारख्या पुष्कळ उभ्या वनस्पतींना नवी पिढी घालण्यासाठी पाणी उतरलेले लागते. भरल्या पाण्यात त्या जुन्या कंदांवर काही वर्षे तग धरतात, आणि मग विरत जातात.

शिवाय उघड्या चिखलात हवा शिरली की तळाशी साठलेला पालापाचोळा झपाट्याने कुजतो आणि त्यातले खत मोकळे होते. आपल्या माणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कृष्णाकाठची मळीची वांगी कोठून येतात? पुराने आणलेल्या आणि पुराने उघड्या टाकलेल्या गाळातून. धरणाचे पाणी मागे हटले की उघड्या पडलेल्या जमिनीवर जी गाळपेर होते, तीही याच खतावर. पाणथळीचे रान म्हणजे निसर्गाची गाळपेरच म्हणा ना. जर्मन शास्त्रज्ञ युंक आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९८९ साली अॅमेझॉनसारख्या मोठ्या नद्यांचा अभ्यास मांडताना हीच गोष्ट सिद्धांत म्हणून सांगितली: नदीकाठच्या सपाटीचे सारे जीवन पुराच्या नाडीवर चालते, पाणी येते म्हणून आणि ते जाते म्हणूनही.

नाडी थांबली तर काय होते, त्याचा एक लहानसा नमुना आपल्या पंचगंगेतच आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यांत पावसाळ्यानंतर बरगे बसवितात आणि पाणी एका पातळीवर अडवून धरतात. ते शेतीसाठी आवश्यक आहे, त्याविषयी आमची तक्रार नाही. पण संथ, न हलणारे पाणी आणि त्यात गावोगावचे सांडपाणी, असा योग जुळला की जलपर्णी माजते. ही मूळची दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांची. तिला तळाच्या चिखलाशी कर्तव्य नाही. मुळे पाण्यातच लोंबतात. पाणी चढो-उतरो, तिचे काही अडत नाही. पण पातळी हलत नसली की चिखलात उगवणारे प्रतिस्पर्धी आपोआप कमी होतात आणि मैदान तिला मोकळे मिळते. पुढे पावसाळ्यात बरगे निघाले की ती वाहून जाते. म्हणजे येथे नाडी वर्षातून एकदा तरी चालते.

पाणी येणेच बंद झाले तर काय होते, ते राजस्थानात भरतपूरला पाहावे. सूरजमल राजाच्या काळात, अठराव्या शतकात, बांधलेल्या अजान बांधातून पावसाळ्याचे पाणी एका सखल भागात सोडीत. हिवाळाभर ते राही आणि उन्हाळ्यापर्यंत आटत जाई. सुमारे २९ चौरस किलोमीटरचे हे पाणथळ रान पक्ष्यांसाठी जगात गाजले. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये तेथे गुरांना चरावयास बंदी झाली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, माणसे मेली. पुढे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासातून दिसले, की म्हशी चरत होत्या म्हणून एक पसरे पाणगवत आटोक्यात होते. म्हशी गेल्यावर त्याने उथळ पाणी व्यापून टाकले. ज्यांना शत्रू समजून हाकलले, ते त्या व्यवस्थेतले बिनपगारी कामगार निघाले! नंतर गंभीर नदीवर वरच्या अंगाला पांचना धरण झाले. तेथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवेच होते, त्यांना दोष देऊन काय उपयोग? पण भरतपूरला कोरडी वर्षे आली, आणि कोरड्या चिखलात वेडी बाभूळ शिरली. तिची मुळे खोल गेल्यावर पुढच्या वर्षी पाणी आले तरी ती सहजी हटत नाही. ती उपटण्याच्या कामाला अखेर काठच्या गावकऱ्यांनाच बोलवावे लागले. २०१२ पासून गोवर्धन नाल्याचे पाणी नळाने आणून त्या रानाची तहान भागविण्याचा प्रयत्न चालू आहे.

आता याच्या अगदी उलट उदाहरण, आणि आमच्या मते अधिक शिकविणारे. मणिपूरच्या खोऱ्यात लोकटक सरोवर आहे. नद्यांच्या पुराचे पाणी पसरून बनलेले हे उथळ, विस्तीर्ण पाणी; ईशान्य भारतातले सर्वांत मोठे गोड्या पाण्याचे सरोवर. त्यावर फुमदी तरंगतात. फुमदी म्हणजे गवत, मुळे, अर्धवट कुजलेला पाला आणि माती यांचा विणल्यासारखा जाड थर, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत. त्यातला साधारण पाचवा हिस्सा पाण्यावर दिसतो, बाकीचा खाली. सरोवराच्या दक्षिणेला केइबुल लामजाओ नावाचे ४० चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान या फुमदींवरच उभे आहे. उभे कसले, तरंगते आहे. तेथे सांगाई नावाचे हरीण राहते, जे जगात अन्यत्र रानात कोठेही नाही. ते नामशेष झाले असे १९५१ साली मानले गेले होते; १९५३ साली ते पुन्हा सापडले. १९७५ च्या मोजणीत १४ हरणे भरली.

फुमदीचे वर्ष असे असे. पावसाळ्यात पाणी चढले की ती वर येई आणि तरंगू लागे. काही सुटे तुकडे पुराबरोबर नदीने वाहून जात. हिवाळ्यानंतर पाणी उतरे आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ती तळाला टेके. टेकली की तिच्यावरच्या गवताची मुळे खालच्या खऱ्या जमिनीत शिरत. देवनळ होता, ईशिंग कंबोंग नावाचे जंगली भाताच्या कुळातले गवत होते. ही सारी त्या दोन-तीन महिन्यांत वर्षभराची शिदोरी बांधून घेत. पावसाळ्यात पुन्हा वर उचलली जाई ती भरलेली, जाड झालेली फुमदी. तरंगणारे रान जमिनीवर जेवत होते, असे म्हणा.

१९८३ साली सरोवराच्या खालच्या अंगाला मणिपूर नदीवर इथाई येथे बांध चालू झाला. हेतू विजेचा: १०५ मेगावॅटचे केंद्र. सरोवराचे पाणी बोगद्याने डोंगर ओलांडून लेइमाताकच्या खोऱ्यात पाडायचे आणि त्या उतारावर चाके फिरवायची. चाके बारा महिने फिरायची तर सरोवर बारा महिने भरलेले पाहिजे. म्हणून पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून ७६८.५ मीटरच्या आसपास उंच धरून ठेवण्यात येऊ लागली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटेल, यात बिघडले काय? सरोवर आटले नाही, उलट भरले.

बिघडले ते हे, की फुमदी तळाला टेकेनाशी झाली. ती वर्षभर तरंगत राहिली आणि उपाशी राहिली. खालून कुजण्याचे काम चालूच, वरून भरती कमी. उद्यानातला थर पातळ होत गेला. सांगाईचे वजन पेलावयास साधारण मीटरभर जाडी लागते. पातळ जागी पाय खचतो आणि हरीण अडकते. त्याच्या चाऱ्याची गवते विरळ झाली. आणि तिकडे मधल्या उघड्या पाण्यात अगदी उलटा प्रकार: पुराबरोबर वाहून जाणाऱ्या फुमदीला आता बांध आडवा. ती बाहेर जाईना, साठत चालली, त्यात नद्यांनी आणलेले शहराचे सांडपाणी मिसळले. एकाच दाराने एकीकडे फुमदी मारली आणि दुसरीकडे माजविली. काठच्या उथळ पाण्यात शिंगाडा आणि मखाना होत असे, ज्यांवर बायकांचा बाजार चाले. तेही पाणी खोल झाल्यावर घटले. खाली इरावतीच्या नद्यांतून चढून येणाऱ्या माशांची वाट बंद झाली. काठची हजारो एकर शेती बुडाली.

येथे कोणी म्हणेल, हरणे तर वाढली. खरे आहे. २०१६ च्या मोजणीत २६० भरली. कडक राखण झाली, शिकार थांबली, त्याचे हे फळ आहे आणि राखणदारांचे त्याबद्दल कौतुकच केले पाहिजे. पण डोकी वाढत असताना पायाखालची फळी झिजत असेल, तर नुसती डोकी मोजून आमचे समाधान होत नाही. कारखान्यात हजेरीपट भरलेला दिसतो म्हणून छप्पर धड आहे असे कोणी मानीत नाही.

माणसांचे काय झाले ते सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. ज्यांची शेते गेली त्यांतले पुष्कळ जण मासेमारीकडे वळले. फुमदीवर झोपड्या बांधून, फुमदीचेच गोल कडे करून त्यात मासे धरायचे, अशी तिथली रीत. सरोवर वाचविण्यासाठी २००६ साली कायदा झाला. त्याच्या आधारे २०११ च्या नोव्हेंबरमध्ये या तरंगत्या झोपड्या उठविण्यात आल्या आणि शेकडो जाळण्यात आल्या. फुमदी माजली ती या कोळ्यांमुळे, असा आरोप होता. त्यांची कडी फुमदी अडवितात हे काही अंशी खरे मानले, तरी ती वाहून जाण्याचे मूळ दार कोणी लावले, हा प्रश्न उरतोच. कोळ्यांनी आपली संघटना उभारली आणि तो प्रश्न विचारला. दरम्यान यंत्रे लावून फुमदी उपसण्यावर मोठा खर्च झाला. रामसर कराराच्या यादीत लोकटक १९९० साली आले, आणि धोक्यात असलेल्या पाणथळींच्या वेगळ्या यादीत १९९३ साली. भरतपूरचेही नाव त्या दुसऱ्या यादीत आहे. एक पाणी आले नाही म्हणून आणि एक पाणी गेले नाही म्हणून, दोघी एका पंगतीत.

यावर उपाय काय, असे आपण विचाराल. अभ्यासकांनी पुन्हापुन्हा सुचविलेला उपाय साधा आहे. बांध पाडा म्हणणारेही आहेत. पण त्याआधी निदान कोरड्या ऋतूत काही आठवडे सरोवराचे पाणी इतके उतरू द्यावे, की उद्यानातली फुमदी तळाला टेकेल. त्याची किंमत आहे. नेमक्या कोरड्या महिन्यांत विजेला पाणी हवे असते, आणि ती वीज कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी मागावर जळत असते. ही किंमत कोणी सोसायची, हे वीज केंद्राच्या दप्तरात एकट्याने ठरविण्याजोगे नाही. मजुरीचा दर मालकाच्या वहीत एकट्याने ठरत नाही, तसेच हे. एका ऋतूच्या टेकण्याने फुमदी मीटरभर जाड होणार नाही, त्याला ओळीने कित्येक वर्षे लागतील. तोवर पातळी दर वर्षी त्याच महिन्यांत आणि हळूहळू उतरली पाहिजे, मासे आणि बी दोघांनाही वेळ मिळेल अशी. पाणी तसे उतरले, तर काठची गाळाची जमीनही त्या आठवड्यांत उघडी पडेल. आणि १९८३ पूर्वी तिच्या कोणत्या तुकड्यावर कोण पेरीत असे, ते काठच्या गावांतल्या म्हाताऱ्यांना विचारावे लागेल.